चेंबरवरची काजळी

"गाडीला हात लावू नकोस, बाई. घ्यायची ऐपत आहे का?"

आत-बाशी या डोंगरातल्या गावच्या बाजारात, विकाऊ गाड्यांच्या रांगेत, दलाल बाकास झूरावर खेकसला. झूरा जागची हलली नाही. हिरव्या डिझेल पिकअपच्या मागच्या फाळक्यावर तिनं बोट टेकवलं होतं. तिथं चार रिबिटांनी एक पत्रा ठोकलेला होता. चौथं रिबिट तिरकं होतं.

"ही माझ्या नवऱ्याची गाडी आहे," ती म्हणाली. "याकनं शिंग घातलं तेव्हा हा पत्रा त्यानं ठोकला. मी धरून उभी होते."

"तुझ्या नवऱ्याची पांढरी होती. ती आता रशियात असेल, त्याच्या नव्या बायकोसकट."

बघे हसले. झूराचा नवरा इशेन गेल्या वर्षी फेब्रुवारीत घाटाकडे निघाला, तो परतलाच नाही. गाडीही नाही.

बाजारात सगळ्यांना नकोसा असा एक माणूस होता, ओमुर्झाक. जुन्या गाड्या पारखून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या एका 'नको'नं दलालाचा सौदा फिसकटायचा. झूरा तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आके," तिनं वडीलधाऱ्याला घालतात ती साद घातली, "ती गाडी बघा."

"मी घरगुती भानगडीत पडत नाही."

"गेल्या वर्षी पडलात. पोलिसांना तुम्हीच सांगितलंत ना, महिन्यापूर्वी मी तपासली, ही गाडी घाटात बंद पडणारी नाही, म्हणजे तो पळालाच असणार? त्या दिवसापासून मी पळपुट्याची बायको झाले. आता थोरले म्हणतात, शनिवारपर्यंत घर सोड."

थोरले म्हणजे इशेनचा मोठा भाऊ तुर्दाकुन. बापाचं घर धाकट्याला, ही तिथली रीत; म्हणून घर इशेनला मिळालं होतं. पण पळून गेलेल्याचा कसला हक्क?

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ओमुर्झाक इतरांना सुनवायचा. आज ते त्याच्यावरच उलटलं होतं आणि त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं हातबॅटरी उचलली.

"कुठली गाडी?" त्यानं बाकासला विचारलं.

"अमिरातीतून आणलेली. येऊन तीन आठवडे झाले. बर्फ कशाला म्हणतात ते ठाऊक नाही तिला."

"चाललीय किती?"

"साठ हजार. काटा बघा की."

ओमुर्झाकनं काटा बघितला नाही, ब्रेकचं पॅडल बघितलं. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. दाराच्या रबरावर हिरव्या रंगाचे शिंतोडे होते. चासीवरचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला, आकडे लहानमोठे.

"सुरू कर."

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. धूर काळा नाही, निळा नाही. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फुसफुसही नाही. गाडी कुणीतरी जपली होती. मग तो अंगाखाली पोतं टाकून गाडीखाली शिरला. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर काजळीनं काळंभोर झालं होतं. त्यानं नखानं खरवडलं. आतला थर जुना, चिकट, दगडासारखा. वरची काजळी मात्र बोटाला लागली.

"बाकास, वाळवंटात चेंबरखाली ब्लोलँप कोण लावतं?"

बघ्यांचं हसू थांबलं. गोठलेलं ऑइल पातळ करायला पहाटे चेंबर शेकायचं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मला काय माहीत?"

"वरचा थर या हिवाळ्यातला आहे. तुला कुणी विकली?"

"कागद आहेत माझ्याकडे."

"कागद नकोत. कुणी विकली?"

"आके, पोटावर पाय देऊ नका."

ओमुर्झाकनं बॉनेट उघडलं. बिजागरीच्या सांदीत ऑइलनं माखलेला, नमद्याचा म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा तुकडा चिकटला होता, तळहाताएवढा. लाल नमद्यात निळं शिंग, शिंगाच्या टोकाला एक खाच. त्यानं तो खिशात घातला आणि पोलिसांच्या कॅप्टन सुयुनला फोन लावला.

कॅप्टन गाडी जप्त करून झूराच्या घरी येईपर्यंत ओमुर्झाकचा दुसरा पेला चहा झाला होता. तो भिंतीवरच्या नमद्याकडे बघत होता.

"हा कधी केलास?"

"गेल्या सप्टेंबरात."

"जोडीचा कुठाय?"

"थोरल्यांनी नेला. त्यांच्या हिवाळी गोठ्यावर हवा होता म्हणे."

बाहेर गाडा थांबला. तुर्दाकुन कोळशाची पोती उतरवत होता. घर अजून त्याचं झालं नव्हतं, तरी त्यानं जळण आणून टाकायला सुरुवात केली होती.

"दोनशे मेंढ्या असताना कोळसा विकत?" ओमुर्झाकनं दारातून विचारलं. "जाळायला गोठ्यातला लेंड्यांचा थर कापला नाही का?"

"दोन वसंत झाले, नाही कापला. कंबर धरते." तुर्दाकुन टोपी खुंटीला अडकवत आत आला आणि कॅप्टनला बघून थबकला. "हे काय? केलिन, घरची सून होऊन पोलीस कशाला बोलावलेस?"

"मी बोलावले," ओमुर्झाक म्हणाला. "इशेनची गाडी सापडली."

"मग सापडला का तो भामटा?"

"सांगतो. बस."

तुर्दाकुन बसला नाही.

"गाडी रशियात गेली नाही," ओमुर्झाकनं सुरुवात केली. "घाटही ओलांडला नाही. चेंबरवर यंदाच्या हिवाळ्याची काजळी आहे. म्हणजे इथंच, डोंगरात, कुणीतरी ती लपवली आणि इंजिन धरू नये म्हणून शेकून शेकून सुरू ठेवली. गाडी मरू द्यायला त्याचा जीव झाला नाही."

"मग तो दलाल चोर."

"दलाल लबाड आहे. नंबर त्यानं ठोकला. पण बॉनेटखाली ऊब टिकावी म्हणून नमदा त्यानं नव्हता घातला." त्यानं तुकडा चटईवर ठेवला. "विकताना नमदा काढला, एवढा सांदीत राहिला."

"लाल-निळे नमदे घरोघरी आहेत."

"आहेत."

"आणि त्याची गाडी, त्याचं घर! जाताना इथूनच उचलून घातला असेल त्यानं."

मग झूरा हळूच म्हणाली, "ते गेले फेब्रुवारीत. नमदा मी त्यानंतर, सप्टेंबरात कापला."

ओमुर्झाकनं तुकडा भिंतीवरच्या नमद्याला लावला. तिथं निळ्यात लाल शिंग होतं, टोकाला तशीच खाच.

"दोन रंग एकावर एक ठेवून कापतात, कॅप्टन. लालातलं निघालेलं निळ्यात बसतं, निळ्यातलं लालात. एका कापातून दोन भावंडं निघतात. इथं सुरी घसरली, ती दोघांतही घसरली. एक भावंड या भिंतीवर आहे. दुसरं कुणी नेलं?"

"थोरल्यांनी," झूरा म्हणाली.

"चोरीला गेला माझा," तुर्दाकुन म्हणाला.

"इशेन कुठाय?" कॅप्टननं विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"मग कंबर गोठ्यापुरतीच कशी धरते?" ओमुर्झाक म्हणाला. "कोळशाची पोती आत्ता तूच उतरवलीस. फुकटचं जळण पायाखाली ठेवून कोळसा विकत घेणारा मेंढपाळ मी आजवर बघितला नाही. त्या थराखाली फावडं लागू द्यायचं नाही, असं तुला का वाटतं?"

कॅप्टननं फोन काढला. "चार माणसं, फावडी घेऊन. तुर्दाकुनच्या हिवाळी गोठ्यावर."

तुर्दाकुन भिंतीला टेकत खाली बसला.

"सगळा गोठा खणू नका," तो पुटपुटला. "उत्तरेचा कोपरा." मग एकदम उसळून म्हणाला, "तीस वर्षं बापाच्या मेंढ्या मी वळल्या. घर मात्र याला. का? नंतर जन्मला म्हणून? मी एकच खोली मागितली, तर हसला."

वर्षभर झूरानं रोज त्या घाटाकडे डोळे लावले होते आणि तो गोठ्यात होता. तिनं डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं.

"पोरी," ओमुर्झाक म्हणाला, "गाडीबद्दल मी खरं बोललो होतो. माणसाबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोललो. बाजार भरेल तेव्हा चारचौघांत माझी चूक सांगेन."

"सांगा," ती म्हणाली. माफी तिनं दिली नाही.

कॅप्टननं तुर्दाकुनला दंडाला धरून उठवलं. उंबऱ्याशी तो थांबला आणि सवयीनं खुंटीवरची आपली टोपी घ्यायला वळला.

थोरल्या दिराचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही, हा तिथला दंडक. सोळा वर्षांत झूरानं तो मोडला नव्हता.

"तुर्दाकुन," ती म्हणाली, "माझ्या घरातल्या कशालाही हात लावू नकोस."

टोपी खुंटीवरच राहिली.