दादीसा आणि नग्गरचं ऊन

चौथं देऊळ बघून झालं, तेव्हा बसमधल्या एकाही मोठ्या माणसाला पहिल्या देवळातला देव आठवत नव्हता. सगळे मान टाकून बसले होते. दिवाळीच्या सुट्टीत माणसं म्हणे शीण घालवायला जातात. जळगावची ही मंडळी शीण गोळा करायला थेट हिमाचलात, कुलूच्या खोऱ्यात आली होती.

सहल काढणाऱ्या नवलभाऊंना तीनच शब्द येत होते. उतरा, फोटो, चढा. नदी दिसली की उतरा. लाकडी देऊळ दिसलं की उतरा. नीट बघावं म्हणून मान वर केली, की लगेच चढा. देवालासुद्धा वाटलं असेल, ही माणसं आली कशाला आणि पळाली का.

मागच्या सीटवर तिघांचे डोळे तेवढे उघडे होते. एक प्रियल, सातवीतली. दुसरा तिचा धाकटा भाऊ अर्हम, त्याचं तोंडही डोळ्यांइतकंच उघडं. तिसरा भूषण, चोपड्याकडच्या मगनभाऊंचा मुलगा. मगनभाऊ आणि प्रियलचे पप्पा पारसमल शाळेपासूनचे दोस्त. मगनभाऊंच्या शेतात केळीची काढणी चालू होती, म्हणून त्यांनी स्वतः न येता पोराला पाठवून दिलं होतं.

दादीसा पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या. दादीसा म्हणजे पारसमलांच्या आई, गुलाबबाई. जळगावात त्या घराबाहेर निघाल्या की दुकानातली पोरं मोबाईल खिशात घालत. पण त्या सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर त्यांचा तोल गेला होता. भूषणनं दंड धरला म्हणून वाचल्या, नाहीतर थेट खाली. खोऱ्यात आल्यापासून त्यांचा चेहरा रोज जरा जास्तच उतरत होता. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. विचारलं तर उत्तर एकच, मला काय धाड भरली आहे.

हॉटेल नदीकाठी होतं, पश्चिमेच्या डोंगराच्या अगदी पायाशी. बस परतली तेव्हा अंगणातून ऊन सरत होतं आणि लगेच स्वेटरं शोधायची धांदल उडाली. मोठी माणसं खोल्यांत जाऊन आडवी झाली. ती उठली ती पाच वाजता, जेवायला. जैन मंडळींचं जेवण दिवस असतानाच व्हावं म्हणून नवलभाऊंनी जीवराम नावाचा स्वयंपाकी बरोबर आणला होता. तेवढी एक अक्कल त्यांनी दाखवली होती.

दादीसांनी ताट घेतलं आणि त्या अंगणाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकट्या जाऊन बसल्या.

"तुमची दादी परत तेच करी राहिली," भूषण कुजबुजला.

तिघं लाकडांच्या ढिगामागून बघत होते. दादीसांनी इकडेतिकडे पाहिलं, पोळीचा तुकडा मोडला आणि हॉटेलच्या काळ्या केसाळ कुत्र्यापुढे टाकला. मग दुसरा. मग भाजी. कुत्रा शेपटी हलवत ताट साफ करीत गेला आणि दादीसा त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जशी काही सून जेवते आहे आणि सासू वाढते आहे. शेवटी रिकामं ताट प्रियलच्या मम्मीच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, झालं माझं.

मम्मीला ताट रिकामं दिसलं, तेवढ्यानं तिचं समाधान झालं. बॅगा, औषधं, ओली मोज्यांची जोडी, यातून वर बघायला तिला वेळ कुठे होता.

त्याच अंगणात मोठ्या माणसांची बैठक बसली. नवलभाऊंचं म्हणणं, की अक्कांचं, म्हणजे दादीसांचं, वय झालं, त्यांना डोंगर सोसत नाही. उद्याचा दिवस काढू. परवा पहाटे टॅक्सीनं त्यांना चंदीगडला पोचवू, तिथून गाडीनं घरी. बरोबर वहिनी, म्हणजे मम्मी, जातील. पारसमलांनी मान हलवली. आईकडे बघायचं मात्र त्यांना जमलं नाही.

"मला पार्सल करताय?" दादीसा म्हणाल्या. एवढंच. मग त्या उठून आत गेल्या. सगळ्या गल्लीला त्या सांगून आल्या होत्या, की बर्फावर उभी राहून येईन. आता अर्ध्यातून परत जायचं, आणि लोकांनी म्हणायचं, गुलाबबाई संपली. ते त्यांना मरणाहून वाईट होतं.

तिघांनी त्याच संध्याकाळी तपास सुरू केला. अर्हमला खात्री होती, की जीवराम चोरून भाजीत कांदा घालतो आणि दादीसांच्या नाकाला ते कळतं. तो तडक स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडू लागला. जीवराम असा भडकला की हातातला झारा घेऊनच समोर आला. त्यानं सगळी पातेली दाखवली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही.

"तुमच्या दादीला मीच खटकत असेन तर मला सांगा," तो म्हणाला. "तांब्याभर पाणी उकळून ठेवतो रोज. रात्री भरलेला, सकाळी भरलेला. पाण्यात काय कांदा असतो का रे?"

म्हणजे दादीसा पाणीही पीत नव्हत्या. तिघांची तोंडं उतरली. हे काही रुसणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही दादीसांनी काहीच घेतलं नाही. दुपारी मात्र त्या खिचडी दोनदा घेऊन जेवल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या. प्रियलला काही सुचेना. भूक आहे, तहान आहे, जीवरामवर राग नाही. मग दुपारी चालतं ते संध्याकाळी का चालत नाही?

दुपारनंतर बस नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या डोंगरावर चढली. तिथं नग्गर हे जुनं गाव. दगड आणि लाकूड एकावर एक रचून बांधलेला राजाचा वाडा, पाटीच्या दगडांची छपरं, उतारावर एकमेकांना टेकून बसलेली घरं. बस खाली थांब्यावर उभी राहिली. दादीसा म्हणाल्या, मी इथंच बसते. कोणी आग्रहही केला नाही. मोठी माणसं कशीबशी वाड्यापर्यंत आली, फोटो काढले, आणि सज्ज्यातल्या बाकांवर चहाची वाट बघत पेंगायला लागली. समोर एवढं मोठं खोरं पसरलं होतं आणि पारसमलांच्या तोंडावर माशी बसली होती.

भूषण कठड्याला टेकून उभा होता. "ते बघ आपलं हॉटेल," त्यानं नदीपलीकडे बोट केलं. "पार अंधारात गेलं. आणि आपण इथं उन्हात भाजी राहिलो."

प्रियलनं पाहिलं. खरंच. पश्चिमेच्या डोंगराची सावली हॉटेलवर पडून नदी ओलांडून इकडे सरकत होती. तिकडे संध्याकाळ आणि इकडे दुपार. आणि तिला काल अंगणातून सरलेलं ऊन आठवलं. त्या वेळी दादीसांनी डोंगराकडे बघून चूळ भरली होती, हात जोडले होते आणि तांब्यावर पेला पालथा घातला होता. घरी रोज संध्याकाळी करतात तसंच. म्हणून तर ते तिच्या डोळ्यांना खटकलं नाही.

"चौविहार," ती म्हणाली.

भूषणला ते माहीत नव्हतं. अर्हमनं घाईघाईनं सांगितलं, की सूर्य मावळला की दादीसा अन्नपाणी सगळं बंद करतात. सकाळी सूर्य उगवून जरा वर आला, की मगच पाणी. एकदा हात जोडून नेम घेतला, की जीव गेला तरी मोडत नाहीत.

"पण सूर्य कुठे मावळला?" भूषण म्हणाला. "आमच्याकडे सातपुडा शे, पण तो उत्तरेला. त्याच्यामागं सूर्य कधी जातच नाही. इथला डोंगर बरोबर वाटेत उभा शे."

आणि सकाळी पूर्वेचा डोंगर तसाच वाटेत. म्हणजे दादीसांचा दिवस दोन्हीकडून कापला जात होता. चहाच्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि तेही रोज.

प्रियलनं पप्पांना हलवलं. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, की आत्ता नको, नंतर. नवलभाऊंना सांगायला गेली तर ते म्हणाले, खाली जाऊन बसमध्ये बसा, मी मोजणी करतो. सावलीनं तेवढ्यात नदी ओलांडली होती.

तिघं पळत सुटले.

थांब्यावर पोचले तेव्हा सावली बसपासून फर्लांगभर खाली होती. दादीसा खिडकीतून त्या सावलीकडेच बघत होत्या. प्रियलनं धापा टाकत सगळं सांगितलं. अर्हमनं मोबाईल पुढे केला, त्यात आजच्या सूर्यास्ताची वेळ होती.

"मोबाईल सूर्य बुडवतो का?" दादीसा म्हणाल्या. "मला डोळे आहेत. घरचे बाकी सगळे सूर्य बुडाल्यावर ताटं चाटत बसतात, तेही या डोळ्यांनी पाहिलं. सहलीला आले आणि धर्म जळगावात ठेवून आले. मी बोलले नाही. कुणाकडे लवकर ताट मागायची मला सवय नाही, आणि शिकवायचं वय त्यांचं उरलं नाही."

प्रियलला आता सगळंच कळलं. दादीसा नुसत्या उपाशी नव्हत्या, घरचे त्यांच्या मनातून उतरले होते.

"डोळ्यांनीच बघा," ती म्हणाली. "गावाच्या वरच्या टोकाच्या देवळाशी चला. तिथं सूर्य दिसेल."

दादीसा हलल्या नाहीत. तेव्हा अर्हमनं आकाशाकडे बघत सहज बोलून टाकलं, की जाऊ दे प्रियल, नवलभाऊ म्हणालेच होते, अक्कांना चार पायऱ्या चढवणार नाहीत.

दादीसा बसमधून उतरल्या.

गल्ली उभ्या चढाची होती. दगडी फरशा, घरांच्या गच्च्यांवर सुकत घातलेला मका, गोठ्यातून डोकावणाऱ्या गायी. दादीसा दहा पावलं चालायच्या आणि भिंतीला हात टेकून थांबायच्या. सावली मात्र थांबत नव्हती. ती मागून छपरामागून छप्पर गिळत येत होती. भूषणनं पाठ वाकवली, की बसा अक्का, मी केळीचा घड उचलतो रोज.

"मी काय घड आहे?" दादीसा म्हणाल्या. पण त्याच्या खांद्यावर हात मात्र ठेवला.

एका वळणावर सावलीनं त्यांना गाठलं. एकदम गार झालं. दादीसांच्या चपलांवरचं ऊन गेलं, लुगड्यावरचं गेलं. त्या उभ्या राहिल्या. डोळे मिटले आणि हात जुळू लागले.

प्रियलनं ते दोन्ही हात धरले. आजवर घरात कोणी असं केलं नव्हतं. हात हाडांचे आणि थंडगार होते.

"आत्ता नको," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. "दादीसा, नेम मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त आत्ताच घेऊ नका. वरपर्यंत चला. तिथं सूर्य नसला तर मी स्वतः तुमच्याबरोबर हात जोडीन आणि उद्या तुमच्याबरोबर टॅक्सीत बसेन."

दादीसांनी डोळे उघडून नातीकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतले, आणि ते जोडण्याऐवजी एक प्रियलच्या खांद्यावर ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या.

पुढचा चढ कसा गेला ते कोणालाच नीट सांगता आलं नसतं. अर्हमनं बोलणं बंद केलं होतं, यावरून समजा. वरच्या मुरलीधराच्या देवळाशी चौघं पोचले आणि दगडी अंगणात पाऊल टाकलं, तर तोंडावर लख्ख ऊन. पश्चिमेच्या डोंगरावर सूर्य अजून दोन बोटं वर होता. खाली हॉटेल, नदी, पूल, सगळं निळ्या सावलीत बुडालेलं.

दादीसा ओट्यावर टेकल्या. हाताचा आडोसा करून त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग खाली खोऱ्याकडे, मग पुन्हा सूर्याकडे.

"तो आपल्या जागेवरच आहे," त्या हळू म्हणाल्या. "आपणच खड्ड्यात उतरून बसलो होतो."

प्रियलनं बाटली दिली. दादीसांनी ती अर्धी केली, थांबल्या, उरलेली संपवली. मग म्हणाल्या, खाकरे आहेत का कोणाकडे, की नुसतं चढवायलाच आणलंत? भूषणच्या पिशवीत सापडले. ऊन होतं तोवर त्या सावकाश, चावून चावून जेवल्या. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चूळ भरली आणि हात जोडले. या वेळी कोणी धरले नाहीत.

तेवढ्यात मोठी मंडळी धापा टाकत आली. नवलभाऊ सर्वांत पुढे. आजारी माणसाला डोंगरावर ओढत आणलं, ही काय पोरं आहेत का कोण, असं ते सुरू झाले. पारसमलांचा आवाजही चढला होता. मग प्रियलनं सगळं सांगितलं, आणि त्यांचा आवाज खाली आला, तो खालीच राहिला.

"बाई," ते आईला म्हणाले, "मी मोबाईलमध्ये वेळ बघूनच जेवत होतो. सूर्य असतानाच."

"मला सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"आईचं ताट कुत्रा खातो आहे का, हे तरी विचारायचं."

पारसमल खाली दगडावर बसले. मम्मी रडायला लागली. नवलभाऊ नदीचा फोटो काढायला लागले.

"रडू नका, मीही चुकले," असं दादीसा म्हणतील, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला दादीसा माहीत नाहीत. त्यांनी फक्त सुनेला जवळ बोलावलं, शेवटचा खाकरा तिच्या हातात दिला आणि सांगितलं, खा, तुझा सूर्य मोबाईलप्रमाणे अजून असेल.

नवलभाऊंनी हळूच विचारलं, की परवाच्या, म्हणजे उद्या पहाटेच्या टॅक्सीचं काय करायचं.

"तुम्हाला जायचं असेल तर जा," दादीसा म्हणाल्या. "आणि ऐका सगळे. उद्यापासून या खोऱ्यात सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला, ते ही तीन पोरं मला सांगतील. त्यांना खालचं आणि वरचं दोन्ही दिसतं. मोठ्यांनी नुसतं वेळेवर पाणी आणायचं. तेवढं जमेल ना?"

भूषणच्या खांद्यावर हात ठेवून दादीसा उतरायला लागल्या, आणि बाकीचे मुकाट्यानं त्यांच्यामागून निघाले.