स्टेशनच्या मागच्या दारातली बाई

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आता मलाच सांगायची वेळ आली, दुसरं काय.

घडलं ते दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेच्या आदल्या संध्याकाळी. नुकते कुठे दिवे लागले होते. सुरुवात झाली स्टेशनच्या मागच्या दारापासून...

आधी आमचं काम सांगतो. परिषदा भरवून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी नोकरीला आहे. बाहेरगावचे पाहुणे येतात, शहर त्यांना अनोळखी. कुठे उतरायचं, कोणती बस धरायची, टॅक्सीवाल्याला काय सांगायचं, बरं जेवण कुठे मिळतं, हे सगळं आम्ही त्यांना आधी कळवतो.

राहण्याची सोय माझ्याकडे. रस्ते माझ्या बायकोकडे. ऑफिसात तिला सगळे होकायंत्र म्हणायचे.

स्वतः चालून बघितल्याशिवाय ती कोणाला रस्ता सांगायची नाही. तेही हात हलवत नव्हे. चाकांच्या तपकिरी बॅगेत दोन विटा आणि जुन्या जाडजूड फायली भरायची आणि निघायची. मी हसायचो. ती म्हणायची, पाहुण्याच्या हातात सामान असतं, जिना किती चढायचा ते नकाशात दिसत नाही.

त्या बॅगेचं एक चाक मोडकं होतं.

टक... टक... टक...

ऐकून कान किटायचे. बदलून घे म्हटलं की आज करू, उद्या करू.

त्या संध्याकाळच्या दोन वर्षं आधी असाच एक नवा रस्ता बघायला ती गेली. स्टेशनच्या मागच्या दारातून, चौक ओलांडून, थेट सभागृहापर्यंत. जवळचा पडेल म्हणून.

चौकात ट्रकने उडवलं.

ती बॅग काही सापडली नाही. खूप शोधली.

आमची मुलगी ठमी तेव्हा तीन वर्षांची होती. संध्याकाळ झाली की खिडकीत जाऊन उभी राहायची. जेवायला हलायची नाही. आई आत्ता येईल, म्हणायची. रोज तेच. ते बघून माझं काळीज तुटायचं.

शेवटी माझी आई म्हणाली की घर बदल. बदललं. बायकोचे फोटो एका खोक्यात भरून माळ्यावर टाकले. नव्या घरात ठमी हळूहळू जेवायला लागली, खेळायला लागली. आईबद्दल विचारणं तिने कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर ती संध्याकाळ.

मी सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून बसलो होतो. पाहुणे येत होते. मी नाव विचारायचो आणि खोलीची किल्ली द्यायचो. दातांचे डॉक्टर बोलताना आधी समोरच्याच्या तोंडात बघतात, त्यामुळे मी ओठ मिटूनच हसत होतो.

एक जोडपं आलं. नवरा म्हणाला की तुमची सोय एकदम छान आहे. स्टेशनच्या मागच्या दाराशी तुम्ही ज्या बाई उभ्या केल्यात ना, त्यांनी इथवर आणून सोडलं.

आम्ही तिथे कोणालाच उभं केलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या ऑफिसची असेल, असं मी मनाशी म्हटलं.

थोड्या वेळाने आणखी एक डॉक्टर आले. तेही तेच म्हणाले. बाई चार पावलं पुढे चालत होत्या. चौकाकडे जाऊच दिलं नाही, लांबच्या पुलावरून आणलं.

मी विचारलं, दिसायला कशा होत्या?

ते जरा गोंधळले. चेहरा नीट दिसला नाही म्हणाले. त्यांनी मागे वळून बघितलंच नाही... फक्त त्यांच्या बॅगेचं चाक वाजत होतं.

माझ्या हातातली किल्ली खाली पडली.

रस्ता दाखवताना बायको कधी मागे वळून बघायची नाही. वळून बघितलं की पाहुण्याला वाटतं आपण हळू चालतोय, मग तो धापा टाकत पळतो. हे तिचंच बोलणं. दुसऱ्या कोणाला असं सुचणार नाही.

सगळ्यात शेवटी एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. किल्ली घेतली तरी टेबलापाशीच उभ्या राहिल्या.

"त्या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "इथे दाराशी मला सोडलं आणि म्हणाल्या, माझं घर सापडत नाहीये. होतं तिथे दुसरीच माणसं राहतात. आमची माणसं कुठे गेली, तुम्हाला माहीत आहे का?"

मी उठून दाराबाहेर बघितलं.

"मी कुठून सांगणार? मी पडले बाहेरगावची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण फार थकल्यासारख्या वाटल्या. तुम्ही बघाल ना जरा?"

मी टेबल तसंच टाकून स्टेशनकडे पळालो. मागच्या दाराशी उभा राहिलो. हाकाही मारल्या. लोक वेड्याकडे बघावं तसे बघून जात होते.

कोणी नाही... चाकाचा आवाज नाही...

ती रस्ता चुकलेल्यांना भेटत होती. मला इथली गल्ली न् गल्ली पाठ. मला ती कशाला भेटेल?

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अरे, गेलेल्या माणसाला नवा पत्ता सांगू नये. पोरगी आत्ता कुठे सावरलीय."

"आणि ती दारोदार फिरतेय त्याचं काय?"

आईने डोळ्यांना पदर लावला.

तिचंही खरं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. पण दोन वर्षं ती त्या जुन्या दाराशी जाऊन परत फिरत असेल, हे मला सहन होईना. मी घर बदललं आणि तिला कोणी सांगितलंच नाही. सगळ्या जगाला रस्ता दाखवणारी माझी बायको, तिला घर दाखवायला कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सभागृहाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. पाहुणे आत भाषणं ऐकत होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "मी पुढे चालतो. तू मागून ये."

आणि चालायला लागलो.

पहिल्या वळणापर्यंत काहीच नाही.

दुसऱ्या वळणापर्यंतही नाही.

मग पुलाच्या जिन्यापाशी...

टक...

टक... टक...

अंगावर सर्रकन काटा आला. मान वळवावीशी वाटली, पण नाही वळवली. तिच्याच पद्धतीने न्यायचं होतं तिला.

मग मी बोलायला लागलो. मोठ्याने, पाहुण्यांना सांगतो तसं.

"इथून उजवीकडे. हे औषधांचं दुकान. फरशी उखडलीय, सांभाळून ये."

टक... टक...

"हे शिवणकामाचं दुकान. ठमीचे कपडे इथे शिवतो. उंच झालीय खूप. पुढचा एक दात पडलाय. तिच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, आईने आठवडाभर विंचरून काढल्या."

इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. भाजी करपते ते सांगितलं. तुझ्यावाचून घर खायला उठतं, तेही सांगितलं.

मागून फक्त चाक वाजत होतं.

आमची इमारत आली. लिफ्ट नाही, तिसरा मजला. मी सावकाश चढलो. मागे बॅग एकेका पायरीवर आपटत येत होती. विटांचं वजन कळत होतं आवाजात.

दार उघडंच होतं. आई आत ओट्यापाशी होती. ठमी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबला.

मानेला गार वाटलं. कोणीतरी खूप चालून आल्यावर श्वास घेतं, तसा श्वास ऐकू आला...

ठमीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. तिथे बघतच राहिली, अजिबात न घाबरता.

"बाबा," तिने विचारलं, "ह्या मावशी कोण आहेत?"

मागचा श्वास थांबला.

मला सांगायचं होतं, अगं, ही तुझी आई. शब्द फुटेपर्यंत...

टक.

बॅग एक पायरी खाली उतरली.

टक... टक...

मी गर्रकन वळलो. जिना रिकामा. दिवा लख्ख चालू. आवाज मात्र खाली खाली जात होता. मी ओरडत धावलो, थांब, अगं थांब, ती लहान आहे, तिला मीच विसरायला लावलं. खाली पोचलो तर रस्त्यावर शेजारी गाडी पुसत उभे होते. इकडून कोणीच गेलं नाही म्हणाले.

वर आलो. माळ्यावरचं खोकं काढलं. पहिलाच फोटो ठमीने हातात घेतला.

"ह्याच मावशी आल्या होत्या," ती म्हणाली. "रडत होत्या."

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं. तिने निमूटपणे ऐकून घेतलं. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती.

आता ते फोटो भिंतीवर लावलेत. ठमी त्यांना आई म्हणते. शाळेत शिकवलेली कविता म्हणून दाखवावी, तसं म्हणते.

त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून मी कामातून जरा उसंत मिळाली की स्टेशन ते घर चालत येतो. मागे काहीच वाजत नाही. ते मी कसं ऐकलं, ठमीला काय दिसलं, ती गेली ती कुठे गेली, ह्यातलं मला काही सांगता येत नाही. रात्री जिन्यात खुट्ट झालं तरी मी उठून दार उघडतो.

परिषदा होतच असतात. टेबलावर बसलो की मी प्रत्येक पाहुण्याला विचारतो, मागच्या दाराशी कोणी भेटलं का तुम्हाला?

नाही म्हणतात. कोणीच नव्हतं, रस्ता सापडायला फार त्रास झाला, म्हणतात.