आठवं विरजण

आठव्या खेपेला दही लागलंच नाही. अक्काताई मगदूमने भांडं कलतं करून पाहिलं, दुधाचं दूधच. गोळ्या-औषधं बंद होऊन वीस वर्षं झाली होती आणि मिरजेत घरोघरी दवा-विरजण लावलं जात होतं. दह्याच्या जिवाणूंमध्ये असा बदल केलेला, की दूध आंबवता आंबवता ते औषधही तयार करत. सहा वर्षांपूर्वी अक्काताईने धाकट्या भावाला, भूपालला, आपली एक किडनी दिली होती. त्याचं शरीर ती परकी म्हणून झिडकारत नव्हतं, ते रोजच्या वाटीभर दह्यामुळे.

मेख एकच होती. दर सात विरजणांनंतर दुधात चिमूटभर ‘जागमीठ’ घालावं लागे, नाहीतर जिवाणू मरून जात. जागमीठ परदेशातून जहाजाने येई, आणि युद्ध पेटल्यापासून जहाज आलं नव्हतं. टीव्हीवाल्यांना त्याचं काय? ते विजयाचे ढोल बडवत बसले होते.

अक्काताई रिकामी वाटी घेऊन तडक डॉक्टर इंदुलेखा बर्व्यांच्या दारात गेली. हे विरजण त्यांनीच घडवलं होतं.

“किडनी माझी, भाऊ माझा, दूध माझ्या म्हशीचं,” ती कडाडली. “मग दही लागायला जहाज कशापायी पायजे?”

“जिवाणूला कुलूप घातलंय, अक्काताई. जागमीठ ही त्याची किल्ली.”

“कुणी घातलं कुलूप?”

“मी.” डॉक्टरांनी मान खाली घातली. “शत्रूच्या देशातही लोक हेच दही खातात. उद्या लढाई झाली, तर गोळी न झाडता त्यांचं औषध तोडता यावं, असा वरून आदेश होता.”

“मग त्यांचं तोडा की! आमचं का तोडलं?”

“दोघांचं मीठ एकाच जहाजातून येतं. ते आपल्याच नौदलाने अडवलंय.”

अक्काताईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने वाटी पुढे केली. “बिनकुलपाचं जुनं विरजण आसंल की तुमच्याकडं. चमचाभर घाला. विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी रिकाम्या वाटीनं लावून देत न्हाई.”

“होतं बरणीभर. युद्धाच्या पहिल्याच दिवशी उकळत्या पाण्यात ओतलं. एका घरात दिलं, की दहा घरांत जातं. महिन्याभरात ते सीमेपलीकडे पोचलं असतं आणि तिकडचे वाचले असते. या दह्यावाचून मरतील असे रुग्ण आपल्याकडे चार लाख, त्यांच्याकडे सात लाख. वरच्यांनी वजाबाकी केली. आपण फायद्यात निघालो. मी सही केली.”

असल्या शहाण्यांना वजाबाकी शिकवणाऱ्या मास्तराला चाबकाने फोडावं, असं अक्काताईला वाटलं. तोंडात आलेली शिवी तिने कशीबशी गिळली.

“त्या चार लाखांत माझ्या भूपालला धरलंय का, तेवढं सांगा.”

“धरलंय,” डॉक्टर म्हणाल्या.