मिठातलं लाकूड

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. सोलापूरच्या भवानी पेठेत पेट्या आणि व्हायोलिनं दुरुस्त करणाऱ्या वीरभद्रप्पांकडे महादेवी एक जुनं व्हायोलिन घेऊन आली. काम साधं होतं. वरची फळी एका कडेला उकलली होती, ती सरसाने चिकटवायची. महादेवीला एका कानडी नाटक कंपनीत वादकाची जागा मिळत होती. सोमवारी स्वतःचं वाद्य घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. वडील गेल्यापासून घर तिच्या शिकवण्यांवर कसंबसं चाललं होतं. परवा ने, वीरभद्रप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फळी पुन्हा उकललेली.

त्यांनी जुना सरस खरवडला, नवा शिजवला, शिकंजे आवळले. दुसऱ्या दुपारी, गिरणीचा भोंगा होत असतानाच, चट् असा आवाज आला आणि फळी उघडी. सांध्यातून पाणी पाझरत होतं. वीरभद्रप्पा वैतागले. त्यांनी सरसाला शिव्या घातल्या, सरस विकणाऱ्याला घातल्या, जेवायला हाक मारणाऱ्या बायकोवरही खेकसले. चैत्रात सोलापुरात माणसाच्या तोंडाला कोरड पडते आणि या लाकडाला घाम फुटतो?

तरुणपणी ते सूत रंगवायच्या कारखान्यात होते. रंगाचं पाणी जिभेला लावून बघायची तिथली सवय सुटली नव्हती. त्यांनी फळीचा थोडा कीस जिभेवर ठेवला. खारट. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. कीड लागू नये म्हणून जुने परदेशी कारागीर लाकूड मिठात, तुरटीत, टाकणखारात मुरवत असावेत आणि लाकडाचा आवाज त्यातूनच येत असावा, अशी त्यांची पक्की समजूत होती. या व्हायोलिनलाही किडीचं एक भोक नव्हतं. टिचकी मारली की काशाच्या वाटीसारखं घुमायचं. पण मिठामागून आणखी काहीतरी जिभेला चरचरलं. त्यांनी फळीच्या आतल्या अंगाला लिंबू पिळलं. रस फसफसला. राख होती.

मीठ आणि राख...

हातातलं लिंबू तसंच राहिलं. ते लिंगायत होते, वडिलांना त्यांनीच माती दिली होती. मांडी घालून बसवलेला देह, अंगाला भस्म, भोवती मीठ. दुकानात ओल्या मातीचा वास सुटला होता. तो किती वेळापासून येत होता, हे त्यांना सांगता आलं नसतं.

महादेवी आली तेव्हा सोबत तिची आई शरणम्माही होती. वीरभद्रप्पांनी आवाज खाली आणून विचारलं, "शरणम्मा, हे कुणाच्या मातीतनं काढलं?"

शरणम्माने आधी पदर डोक्यावर घेतला. मग सांगितलं. व्हायोलिन सासऱ्यांचं. मांडीवर ठेवूनच माती द्या, असं ते सांगून गेले होते आणि तसंच केलं होतं.

"मग बाहेर कुणी आणलं?"

"कुणी न्हाय... सकाळी उठून बघते तर कोनाड्यात. ओलं. तवा हे हुते, जाऊन बघून आले. वरची माती जरासुद्धा हालली नव्हती."

"आणि हे मला आज सांगताय व्हय? मी हितं सरसाला शिव्या देत बसलोय!"

जिथलं आहे तिथं नेऊन ठेवा, असं त्यांनी बजावलं. महादेवी हलली नाही.

"मामा, मातीत ठेवलं तर सोमवारी काय वाजवू? माझ्या ह्या अव्वाला काय खायला घालू? आज्जाचंच हाय की. नातीला काय करतंय?"

वीरभद्रप्पांनी व्हायोलिन पुन्हा पुढ्यात ओढलं. त्यांनी पुटपुटत कडा लिंबाने धुतल्या, राखेचा खार मारला, लाकूड निखाऱ्यावर धरून सुकवलं आणि सरस लावला. रविवारी फळी धरली.

महादेवी दुकानातच फरशीवर मांडी घालून बसली. व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं आणि गज ओढला. असा स्वर त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांची नजर मात्र सांध्यावर होती. सांधा कोरडा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"झालं. ऊठ पोरी."

"मामा..." महादेवी हळूच म्हणाली. "उठता येईना."

पायाला मुंग्या आल्या असतील म्हणून ते वाकले. कोरड्या फरशीवर, तिच्या मांडीभोवती, जाडं मीठ गोल साचलं होतं. राखेने करडं झालेलं. पावलं त्यात बुडाली होती. त्यांनी आणि सोबत आलेल्या शरणम्माने तिला काखेत धरून ओढलं तेव्हा ती सुटली. व्हायोलिन तिने सोडलं नाही.

सोमवारी ती कंपनीत गेली. जागा मिळाली, घर चालू लागलं. ती उभ्यानेच वाजवते. मालकाने खुर्ची दिली तरी बसत नाही. लोकांना वाटतं, बाईची ऐट.

वैतागतो तो फक्त गुंडा, रंगमंच झाडणारा. परवा त्याने मालकाला गाठलं. म्हणाला, बाई उभी ऱ्हाती तितं रोज मीठ कोण सांडतंय, बघा की जरा. आदी नुसतं पायाला लागायचं. आता पोटरीपर्यंत ढीग असतोय... आणि मदी दोन पायांची जागा तेवढी मोकळी.