चार बरण्यांचं पाणी

रापण ओढून झाली की देवबागच्या किनाऱ्यावर सगळी माणसं मासळीभोवती गोळा व्हायची, आणि त्या लांबलचक जाळ्यात अडकलेला कचरा निवडायचं काम सुगंधाच्या वाट्याला यायचं. माघातल्या त्या सकाळी तिच्या हाताला बोटाएवढ्या, पांढुरक्या, बुळबुळीत शेंगांचा झुबका लागला. फेकायला तिने हात उचलला, तोच मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा… फेकू नका."

तिने वळून पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चष्मेवाला एक परका माणूस ओंजळ करून उभा होता, जणू प्रसादच मागत होता.

"ह्यां कोण खाणा नाय," ती म्हणाली.

"खायला नकोत. माकुळाची अंडी आहेत ही."

"मग काय, उबवतलास?"

"प्रयत्न करणार आहे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. सुगंधाला हसू आलं… आणि हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

सुगंधा सव्वीस वर्षांची होती. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा बोटीवर नोकरीला गेला आणि तिकडेच कुठल्याशा बंदरात त्याने दुसरं घर केलं. मग आई आजारी पडली, वर्षभर अंथरुणावर राहिली आणि गेली. वडील, म्हणजे दाजी, होडी हाकणारे एकेकाळचे नावाजलेले तांडेल, पण आई गेल्यापासून पडवीत जाळं विणत बसत आणि जेवायला हाक मारली तरच मान वर करत. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधल्या वाळूच्या पट्ट्यावर ते घर. दिवसभरात सुगंधाच्या तोंडून दहा-बारा शब्द निघत, त्यातले निम्मे कोंबड्यांना.

तो परका माणूस म्हणजे मुंबईच्या मत्स्यखात्यातला परशुराम गावडे. खाडीच्या तोंडाशी पाणी गोडं झालं की माकुळाची, म्हणजे स्क्विडची, अंडी फुटून पिल्लं निघतात की आतच मरतात, हे त्याला शोधायचं होतं. राहायला जागा हवी म्हणून तो दाजींकडे आला. दाजींनी न बोलता परसातल्या रिकाम्या खोपीकडे, मांगराकडे, बोट दाखवलं.

मांगरात त्याने काचेच्या चार बरण्या मांडल्या. पहिलीत निव्वळ समुद्राचं पाणी. दुसरीत थोडं विहिरीचं मिसळलेलं, तिसरीत आणखी थोडं, आणि चौथीत निम्मं-निम्मं. प्रत्येकीत अंड्यांच्या शेंगा सोडल्या. एवढं सगळं झाल्यावर त्याने पेटी उघडली… आणि तिथेच मटकन बसला. पाण्यातलं मीठ मोजायची काचेची नळी प्रवासात फुटली होती.

सुगंधा दाराशी चहा घेऊन उभी होती. "दुसरी मिळणा नाय?"

"मुंबईहून यायला पंधरा दिवस लागतील. अंडी दहा-बारा दिवसांत फुटतात. उन्हाने पाणी आटतं, मीठ रोज वाढत जातं. ते कळलंच नाही तर सगळं फुकट."

तिने चहा खाली ठेवला. पहिल्या बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग दुसरीत. तिसरीपाशी थांबली.

"हेच्यात तुमी दोन तांबये घातलास विहिरीचा?"

"दीड," तो म्हणाला, आणि मग वहीत पाहून हळूच म्हणाला, "नाही… दोनच."

तिचं आजोळ शिरोड्याचं. आजोबा मिठागरावर कामाला होते आणि पाणी कधी पिकणार, म्हणजे त्याचं मीठ कधी होणार, ते जिभेवर ठरवत. लहानपणी ती त्यांच्या मागे फिरली होती. हे सगळं सांगताना तिच्या लक्षात आलं, आपण बराच वेळ बोलतोय. ती एकदम गप्प झाली.

"थांबलात का?" तो म्हणाला. "बोला ना."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती मांगरात यायची. चव बघून सांगायची, "तिसऱ्येत मीठ चढलां." तो चमच्याने विहिरीचं पाणी सोडायचा. "आणखी… आणखी एक… पुरे."

"मोजमापाच्या रकान्यात काय लिहू?" त्याने विचारलं.

"माझा नाव लिवा."

"सगळं?"

"जागा किती आसा त्याच्यार," ती म्हणाली आणि पदर खोचत बाहेर गेली. त्याने रकान्यात 'सुगंधा' असं ठळक अक्षरात लिहिलं, आणि मग उगीचच बराच वेळ त्या शाईवर फुंकर घालत बसला.

चौथ्या दिवशी चौथ्या बरणीतल्या शेंगा फुगल्या, दुधाळ झाल्या, त्यांना वास यायला लागला. आठव्या दिवशी तिसऱ्या बरणीतल्या अंड्यांत काळे ठिपके उमटले, डोळ्यांचे. पण ते कधी हललेच नाहीत. सुगंधा त्या बरणीपाशी वाकून राहिली.

"इतक्या जवळ येवन…" ती म्हणाली.

"मीठ थोडंच कमी होतं," तो म्हणाला. "बाहेरून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

त्याने हे कोणाबद्दल म्हटलं, ते तिला समजलं नाही. पण त्या दिवशी घरी भात वाढताना तिचा हात मध्येच थांबला. इतकी वर्षं या घरात काय कमी होतं, तेही बाहेरून कोणाला कळलं नव्हतं. अंडी फुटली की हा माणूस जाणार, मग मांगर रिकामा… मग पुन्हा आपण आणि कोंबड्या.

दुसऱ्या बरणीतून बाराव्या दिवशी तीन-चार पिल्लं सुटली आणि तळाशी जाऊन निपचित पडली. पहिल्या बरणीत अजून काहीच हललं नव्हतं. ऊन उतरलं तरी दोघं तिथेच, बरणीच्या दोन बाजूंना. काचेतून तिला त्याचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता. आणि मग एक शेंग थरथरली. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी सुटलं, अंगावर तपकिरी ठिपके उघडले-मिटले, आणि ते मागच्या मागे सणकन निघालं. मग दुसरं. मग मोजता येईनात इतकी.

"गो सुगंधा, बघ गो… जिती आसत! सगळी जिती आसत!"

सुगंधाने पिल्लांवरून नजर काढली. "साहेब… तुमका मालवणी येता?"

तो ओशाळला. चष्मा काढून पुसत राहिला. "माझो गाव आंबोली," तो हळूच म्हणाला. "आठ वर्साचो होतंय तेव्हा आवस गेली. मामान मुंबैक नेल्यान. थंय असा बोललंय की पोरां हसत. मग सोडलंय. वीस वर्सां झाली… कोणाकडे बोलूकच नाय."

"माझ्याकडे बोला," ती म्हणाली.

एवढंच. पण त्या संध्याकाळी तो बोलत राहिला, आंबोलीच्या धुक्याबद्दल, आईच्या हातच्या नाचणीच्या भाकरीबद्दल, अडखळत, शब्द आठवत. काही शब्द ती पुरवत होती.

तीन दिवसांनी नवी नळी आली. मोजलं, तर सुगंधाची जीभ कुठेच चुकली नव्हती. नळीबरोबर पत्रही आलं होतं. गुजरातेतल्या वेरावळच्या केंद्रावर बदली, आठवड्याच्या आत हजर व्हायचं.

जगलेली पिल्लं समुद्रात सोडून तो रिकाम्या बरण्या गवतात गुंडाळून पेटीत भरत होता. ती दाराशी उभी.

"वेरावळचं पाणी जास्त खारट असतं म्हणतात," तो म्हणाला. साहेबी मराठीत.

"हां."

"तिथे… म्हणजे… नळी आहे तशी. पण नळी फुटतेच कधीतरी…"

तो तीच एक बरणी तिसऱ्यांदा गुंडाळत होता.

"तुमका बोलूक येणा नाय," ती म्हणाली. "मी बोलतंय. माका न्हेशात?"

त्याच्या हातातलं गवत खाली पडलं. "मी सकाळपासून हेच… गो, सकाळपासून." आणि मग तिचे डोळे भरलेले त्याला दिसले. "काय झाला?"

"दाजी. त्यांका कोण आसा?"

पडवीत जाळं विणणारी सुई थांबली होती. दोघं बाहेर आली. परशुराम पुढे होऊन म्हणाला, "दाजी, माका सुगंधा होई. लगीन लावन न्हेयन. तुमी पण चला."

"मी समुद्र सोडून खंय जातलंय?" दाजी म्हणाले. आवाज घोगरा, न वापरल्यासारखा. "तुझ्या घरात कोण?"

"कोण नाय."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. "जा गो."

"तुमका कोण शिजवन घालतला?"

"तुझी आवस वर्सभर पडलेली तेव्हा तू रापणीर जायस. तिका पेज करून कोण भरवी होतो? मीच. तिना तुका सांगूक दिल्यान नाय. कळला तर ह्यां पण तीच करतली, पोर आधीच दमता, म्हणी." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "माका भात येता."

त्या दुपारी चुलीपाशी दाजी बसले. सुगंधा उठायला लागली की हातानेच तिला बसवत. भात खालून थोडा करपला होता. तिघांनी मिळून तो सगळा संपवला.