जाळीतला हात

"ताई, याच्यात माह्या बायकोचा हात होता," चादरीची गाठ सोडत म्हातारा म्हणाला, आणि चहा पिणाऱ्या शामला जोराचा ठसका लागला.

चादरीतून निघाली एक लाकडी चौकट. तिच्यावर पातळ पांढरी जाळी ताणून बसवलेली होती. हात वगैरे काही नव्हता. शामचा जीव भांड्यात पडला.

यवतमाळच्या त्या एका खोलीच्या कचेरीत इंदुताई वानखडे लग्नाआधीच्या चौकशा करत. मुलगा पितो का, मुलीच्या मामाची जमीन खरंच ओलिताची आहे का, असल्या गोष्टी. क्वचित एखादं खरं कोडं वाट्याला येई. शाम त्यांची गाडी चालवी, आणि कोड्याचं उत्तर सगळ्यांच्या आधी आणि चुकीचं सांगे.

म्हाताऱ्याचं नाव धरमसिंग राठोड. नेरच्या बसस्टँडमागे त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. कापडी पिशव्या, टी-शर्ट, लग्नपत्रिका. त्यांनी खुर्चीची पाठ हातानं चाचपली आणि मग ते बसले.

"सुरुवातीपासून सांगा, भाऊ," इंदुताई म्हणाल्या.

या धंद्यात जाळीवर हिरवा लेप लावून वाळवतात. ऊन लागेल तिथला लेप पक्का होतो, सावली पडेल तिथला कच्चा राहतो आणि धुतल्यावर निघून जातो. त्या मोकळ्या जागेतून शाई कापडावर उतरते. धरमसिंगांची बायको रुपीबाई स्क्रीन धुवायचं काम करी. एकदा नवी स्क्रीन उन्हात ठेवताना तिनं मस्करीत तिच्यावर आपला पंजा टेकवला.

"धुतली तं पंजा जसाच्या तसा," धरमसिंग म्हणाले. "करंगळी वाकडी होती तिची, विळ्यानं कापली होती. ते बी आलं. बाकीच्या स्क्रीना काम झालं की आम्ही पुसतो, जाळी पुन्हा वापरतो. ही नाही पुसली. छापली बी नाही कधी. म्हटलं, पिशवीवर छापला तं हात बाजारात जाईन."

"मग?"

"मागच्या साली गेली ती. आता तिचं वर्ष हाय. स्क्रीनवर धूळ बसली होती, म्हणून संध्याकाळी खाली काढली, पंपानं पाणी मारलं, मोरीत उभी ठेवली न झोपलो. सकाळी हात फिरवला तं सारी कोरी."

"झोपलात कुठं?"

"दुकानातच झोपतो. घरी कायले जाऊ? घरात हाय कोण?"

इंदुताईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"दार?"

"आतून कडी. सकाळी मीच काढली."

"मग चोर आला कुठून?" शाम म्हणाला.

"चोर नाही. भीमराजच असंन. माह्या दुकानात पहिल्यापासून तोच कामाले हाय. आदल्याच दिवशी म्हणे, दादा, फ्रेमा कमी पडून राह्यल्या, एखादी जुनी रिकामी करू. जातानी त्यानंच तिले काहीतरी लावलं असंन. मी त्याले उंबऱ्यातूनच वापस धाडला." धरमसिंग तळहात खाजवत राहिले. "पण रात्री झोप नाही लागत. तो नसंन तं मी त्याची माफी मागतो. तोच असंन तं दुकान विकतो न पोराकडे पुण्याले जाऊन पडतो. मंग इथं माहं कोणीच नाही राह्यलं."

त्यांनी कप टेबलाच्या कडेवर अर्धा आत अर्धा बाहेर ठेवला. इंदुताईंनी तो आत सरकवला.

"पाणी मारल्यावर हात होता ना जाळीत? पाहिलात तुम्ही?"

"होताच ना. जाईन कुठं?"

"पाहिलात का?"

"होता म्हणतो ना, ताई."

इंदुताईंनी चौकट उजेडाकडे धरली. खालच्या लाकडी पट्टीवर हिरवे ओघळ येऊन वाळले होते. मग त्यांची नजर धरमसिंगांच्या मरून शर्टावर गेली. छातीवर आणि बाह्यांवर फिकट ठिपके होते.

"शर्ट फार वापरलेला दिसतो."

"नाही हो, नवाच हाय. वर्षासाठी म्हणून प्रेमनं धाडला, माह्या पोरानं. स्क्रीन धुतली त्याच दिवशी घडी मोडली."

नेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. धरमसिंग मागच्या सीटवर चौकट मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू दवाखान्यात न्यावं तसे. शामनं हळूच आपलं उत्तर सांगून टाकलं. भीमराज. इंदुताईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे छपाईचं टेबल, मध्ये खाट, आणि शेवटी स्क्रीन धुवायची जागा. कंपन्या तिला वॉशआउट बूथ म्हणतात, नेरमध्ये ती मोरी. तीन बाजूंना पत्रा, मागे दुधी प्लास्टिकची शीट, शीटमागे ट्यूबलाइट. जाळीतून उजेड यावा आणि काय धुतलं गेलं, काय राहिलं ते दिसावं, यासाठी ती सोय. पण शीटवर खाऱ्या पाण्यातल्या क्षारांचा जाड थर चढला होता. इंदुताईंनी बटण दाबून पाहिलं. ट्यूबलाइट मेलेली होती.

"केव्हापासून?"

"असंन लय दिवसांची," धरमसिंग म्हणाले. "मले काही अडत नाही."

खाली पाणी जायच्या तोंडाशी गाळणीची जाळी होती. तिच्यात हिरवा गाळ साचला होता. घासायचा ब्रश खिळ्याला होता, कोरडा, त्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं. शेजारी दोन निळे ड्रम, अगदी सारखे. गाड्या धुवायला असतो तसला पंप होता आणि त्याची नळी उजवीकडच्या ड्रममध्ये सोडलेली होती. त्या ड्रमच्या कडीला लाल दोऱ्याची तुटकी गाठ अडकली होती. इंदुताईंनी ड्रममध्ये बोट बुडवलं, शामच्या खिशातला निळा रुमाल ओढून काढला, बोट पुसलं आणि रुमाल परत खिशात कोंबला.

"माझाच बरा सापडतो," शाम पुटपुटला.

भीमराज शोधावा लागला नाही. समोरच्या चहाटपरीच्या बाकावर तो दुकानाकडे तोंड करून बसला होता. टपरीवाला म्हणाला, दादानं हाकललं तेव्हापासून रोज सकाळी दुकानाच्या वेळेला येतो आणि दुकान बंद झालं की जातो.

"तुम्ही पुसली?" इंदुताईंनी शेजारी बसत विचारलं.

"नाही."

"मग कोणी?"

"मले काय माहीत, ताई."

"मोरी कोण साफ करतं?"

"वहिनी होती तवा तीच करे. मागची शीट लिंबानं घासे, खालचा गाळ काढून फेके, ट्यूबलाइट पुसे. ती गेली न दादा म्हणे, राहू दे, हात नको लावू."

"दोन्ही ड्रम सारखेच. घोळ नाही होत?"

"एकात साधं पाणी, एकात ब्लीचिंगचं. जुन्या स्क्रीना पुसाले ब्लीचिंग लागते. घोळ नाही होत. वहिनीले वाचता येत नव्हतं, तिनं आपली खूण घालून देली. तेच चालू हाय. न दादाले तं..." तो थांबला.

"दादाला काय?"

"काही नाही. दादाचं मी काही सांगणार नाही."

परत येताना शाम म्हणाला, "चोराच्या मनात चांदणं."

"असेल," इंदुताई म्हणाल्या. "पण चोर रोज येऊन समोर कायले बसंन?"

दुकानात धरमसिंगांची सून संगीता खाटेखालची पेटी आवरत होती. ती वर्षासाठी पुण्याहून आली होती आणि तांड्यावर चुलत्यांकडे उतरली होती. सासूला ती याडी म्हणे, म्हणजे आई.

"त्या स्क्रीनला मी हातही लावला नाही," ती म्हणाली. "आले त्याच दिवशी हे झालं. दुपारी इथं होते, चार वाजता तांड्यावर गेले. बापूंना न्यायचंय मला, खरं आहे. इथं एकटे राहतात, स्वतःशीच बोलतात. पण म्हणून याडीचा हात पुसीन का मी?"

तिच्या पिशवीतून लाल कापडाचं टोक डोकावत होतं, आरसे लावून भरलेलं. इंदुताईंनी हात पुढे केला. संगीतानं ते नाइलाजानं दिलं. बारीक, देखणं भरतकाम होतं. फक्त एक कोपरा विटून पांढरट झाला होता.

"याडीनं भरलेलं आहे. इथं सडून गेलं असतं," संगीता खाली मान घालून म्हणाली. "मी विचारलं नाही कोणाला. त्याच दुपारी घेतलं. मला तिची दुसरी काहीच वस्तू नव्हती."

इंदुताईंनी कापड घडी करून तिच्या हातात ठेवलं आणि शामला पाठवून भीमराजला बोलावून घेतलं.

भीमराज उंबऱ्याशी अडला. धरमसिंगांनी तोंड फिरवलं.

"आत या," इंदुताई म्हणाल्या. "रात्री इथं कोणी आलं नाही. कडी आतून होती. न आदल्या दिवशी कोणी जाळीला काही लावलंही नाही. ज्याला स्क्रीन पुसायची असते तो ब्रशनं घासतो. त्या ब्रशवर कोळी नांदून राह्यला. चौकटीवर ओघळ आहेत, गाळणीत हिरवा गाळ आहे. लेप कोणी घासला नाही. ब्लीचिंगचं पाणी पडलं न तो उभ्या उभ्या विरघळून खाली आला."

"ब्लीचिंग कोणी टाकलं?" शामनं विचारलं.

"रुमाल काढ."

शामनं रुमाल काढला. निळ्या रुमालावर बोटाएवढा पांढरा डाग पडला होता.

"पंपाची नळी अजून त्याच ड्रममध्ये आहे. त्या संध्याकाळी पंप ज्यानं चालवला त्याच्या अंगावर तुषार उडाले असतील. नवा शर्ट असेल तर ठिपके पडतील, तळहाताला खाज सुटेल."

धरमसिंगांचा खाजवणारा हात जागीच थांबला.

इंदुताईंना पुढचं बोलणं जड गेलं. पण अर्धं सांगून थांबणं त्याहून वाईट होतं.

"धरमसिंगभाऊ, पाणी तुम्हीच मारलं. ड्रम चुकला."

"माहा ड्रम चुकत नाही," ते म्हणाले. "ज्याले लाल कपडा त्याले हात लावाचा नाही. रुपीनं बांधून ठेवला हाय."

"त्या दिवशी तो नव्हता. कडीला नुसती दोऱ्याची गाठ आहे. न ब्लीचिंगचा वास या खोलीत रोजचाच."

संगीतानं पिशवीतलं कापड हळूच बाहेर काढलं. विटलेला कोपरा तिनं आत्ता नीट पाहिला.

"तिचा दोष नाही," इंदुताई म्हणाल्या. "याडीची आठवण म्हणून तिनं नेलं. तुम्ही जे जपलं तेच तिलाही जपायचं होतं. पण भाऊ, ट्यूबलाइट मेलेली तुम्हाला अडत नाही, खुर्ची तुम्ही चाचपून बसता, स्क्रीन कोरी झाली हे हात फिरवून कळलं. हिरवा लेप डोळ्यांदेखत वाहून गेला न तुम्हाला दिसला नाही. मोतीबिंदू केव्हापासून आहे?"

धरमसिंग शर्टाच्या बाहीवर हात फिरवत राहिले.

"रुपी होती तवापासून," शेवटी धरमसिंग म्हणाले. "तिले ठाऊक होतं. न याले." त्यांनी भीमराजच्या दिशेनं मान केली. "पोराले कळलं असतं तं त्यानं दुकान बंद करून मले नेलं असतं. म्हणून याले शपथ घातली होती."

म्हणजे भीमराजला पहिल्याच दिवशी अंदाज आला होता. ती शपथ पाळायला तो चोर ठरून बाकावर बसून राहिला होता.

"म्हंजे मीच पुसला," धरमसिंग म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "माह्याच हातानं पुसला तिचा हात."

शाम आयुष्यात पहिल्यांदा काही सुचवायच्या आधी इंदुताईंकडे पाहून थांबला.

"शाम, बाजारातून एक ट्यूबलाइट आण," त्या म्हणाल्या. "न चार लिंबं."

मोरी साफ करायला बराच वेळ गेला. भीमराज शीट घासत होता, संगीता पदर खोचून गाळणीतला गाळ काढत होती. क्षारांचे पापुद्रे सुटले आणि खालून दुधी शीट निघाली. शामनं ट्यूबलाइट बसवली. मोरी वर्षभरानं उजळली.

"लेप बरीच वर्षं जाळीवर राहिला तर जाळीत त्याचा डाग उतरत असेल, असं मला वाटतं," इंदुताई म्हणाल्या. "खात्री नाही माझी. उभी करून पाहू."

भीमराजनं चौकट उजेडासमोर धरली. कोरी जाळी कोरी नव्हती. सगळीकडे फिकट, पिवळसर हिरवा डाग होता, आणि मधोमध डाग नसलेली स्वच्छ जागा. पाच बोटं. जिथं रुपीबाईच्या हातानं ऊन अडवलं होतं, तिथं लेप कधी पक्का झालाच नव्हता.

संगीतानं तोंडाला पदर लावला. शामनं डाग पडलेल्या रुमालानं डोळे पुसले.

धरमसिंग मोरीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी जाळीकडे पाहिलं, अजून जवळ गेले, डोळे बारीक केले.

"काहून गप झाले सारे?" त्यांनी विचारलं. "दिसते काय?"

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की त्यांना नुसता उजेड दिसतो आहे.

भीमराज पुढे आला. त्यानं धरमसिंगांचा उजवा हात हातात घेतला, त्यांचं बोट जाळीवर टेकवलं आणि कडेकडेनं फिरवायला लागला. आधी अंगठा, मग एकेक बोट.

"दादा, ही तर्जनी. हे मधलं. ही अंगठीवाली."

"करंगळी?"

"आलो तिथंच."

"वाकडी हाय काय रे?"

"वाकडीच हाय, दादा."

धरमसिंगांनी मान हलवली. बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "उद्या सकाळी येशीन ना?" आणि भीमराज हो म्हणाला.