तुटक्या पराचा पाहुणा

तुटक्या पराच्या त्या डॉल्फिनची तांदळाच्या दाण्याएवढी कातडी! तेवढ्यासाठी डॉल्फिनांची अभ्यासक को योनसिल महिनोन्महिने कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात भिजत होती. इथला कळप जेमतेम शंभराचा, सगळे एकमेकांचे आतेभाऊ नि मामेबहिणी. घरातल्या घरात सोयरिकी झालेल्या रक्ताला एखादी साथही पुरते, अख्खा कळप संपतो. हा एकटा वादळानंतर कुठूनसा आला होता. तो खरंच परका आहे का, कळपाला नवं रक्त मिळणार का, हे त्या कातडीवरूनच कळणार होतं. उद्यापासून उत्तरेचा वारा. मग वसंतापर्यंत होडी बंदरात.

"सामचुन, अजून थोडं पुढे."

गावातलं प्रत्येक थोरलं माणूस तिचं सामचुनच. सुकाणूवरच्या यांग ओक्सुन या म्हातारीने जन्मभर बुड्या मारून शंख काढले होते.

"पुढे मारादो बेट, त्याच्यापुढे नुसतं पाणी. तुझ्या पाहुण्याला कंटाळा येत नाही का गं? मला तर तुझाही आलाय."

योनसिल हसली नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

आणि तो दिसला! योनसिलने धनुष्याचा नेम धरला, कातडी खुडणारा पोकळ टोकाचा शेवटचा बाण सुटला. पाठीला टोचून बाण उडाला आणि आपल्या नारिंगी बोंडावर तरंगू लागला. टोकात कातडी होती! ओक्सुनने होडी वळवली, तोच इंजिन गुदमरलं. पंख्यात जाळ्याचा दोर अडकला होता. प्रवाह होडीला खडकांकडे ओढू लागला.

ओक्सुनने कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक योनसिलच्या हातात दिलं.

"सोडू नकोस. म्हातारी आहे, वाहून जाईन."

सुरी घेऊन ती पाण्यात उतरली. दोरी ताठ झाली, तळहात सोलवटले. तेवढ्यात बाण होडीपाशी आला. बाण ओढून घ्यायची आकडी पायाशीच होती. एक हात सोडला की काम झालं! पण दोन्ही हातांनीसुद्धा दोरी निसटत होती. योनसिलने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाण खडकांतल्या फेसात गेला होता.

मग बुडी मारून वर आलेल्या ओक्सुनच्या श्वासाची लांब शीळ पाण्यावर वाजली. पंखा मोकळा झाला होता. ती होडीत चढली आणि खडक हाताच्या अंतरावर असताना इंजिन धडधडलं.

"मिळालं?" ओक्सुनने धापा टाकत विचारलं.

"नाही." योनसिलला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

ओक्सुनने ओल्या हाताने मागे दाखवलं. तुटक्या पराचा पाहुणा कळपात शिरला होता. एका मादीच्या पोटाला पोट लावून तो पोहत होता, आणि ती त्याला हुसकावत नव्हती.

"बापाचं राहू दे," ओक्सुन म्हणाली. "पोर झालं की त्याचं घे. तेवढी मी जगते."